त्याची काही बातमी?

दोस्तांनो, तुमच्यापैकी प्रत्येकाचा कुणी ना कुणी लाडका असणारच. कुणाचा फलंदाज, कुणाची नटी, कुणाचा गायक. त्याची बातमी आली की ती आधी वाचायची, फोटो कापून वहीत चिकटवायचा, आणि बाबांनी अजून तो पेपर वाचलेला नसला तर बोलणीही खायची! त्याचा वाढदिवस कधी, त्याला भजी आवडतात की आइस्क्रीम, सगळं तोंडपाठ. (सनावळ्या मात्र पाठ होत नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

आता असं समजा, तुमच्या लाडक्या गायकाची काहीच बातमी येत नाही. एक आठवडा नाही, एक महिना नाही, तर चांगली पंचवीस वर्षं! फोटो मिळतो तो तबकडीच्या वेष्टणावरचा, डोक्यावर हॅट आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तो कुठे राहतो, काय करतो, आहे की गेला, कुणालाच ठाऊक नाही. मग काय कराल?

हे मी कल्पनेतलं सांगत नाही. सिक्स्तो रॉड्रिगेझ नावाच्या अमेरिकन रॉक गायकाबाबत अगदी असंच घडलं. वयाने तो माझ्या वडिलांएवढा. तरी मी त्याला 'तो'च म्हणणार आहे बरं का. आवडत्या गायकाला अहो-जाहो कोण करतं? आपण 'लता' म्हणतो, 'किशोर' म्हणतो, तसंच हे.

माझी आणि त्याची ओळख २०१३ सालची. माझा भाचा नचिकेत तेव्हा नववीत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे साताऱ्याला आला, तो एक डीव्हीडी घेऊनच. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हे त्या चित्रपटाचं नाव. माहितीपट होता, म्हणजे त्यातली माणसं खरी, नट नव्हेत. त्याच वर्षी त्याला ऑस्कर मिळालं होतं. "आत्या, तू फक्त दहा मिनिटं बघ. आवडलं नाही तर बंद कर," नचिकेत म्हणाला. दहा मिनिटांनी मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि बसले ती बसलेच. जेवणं त्या दिवशी तीन वाजता झाली.

आता त्याची हकिकत ऐका.

रॉड्रिगेझ १० जुलै १९४२ रोजी डेट्रॉइट शहरात जन्मला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. मेक्सिकोतून कामधंद्यासाठी आलेलं कुटुंब, आणि घरातलं हे सहावं मूल, म्हणून नाव सिक्स्तो. मोठा झाल्यावर तो गिटार घेऊन छोट्या छोट्या जागी गायचा. गाणी स्वतःच लिहायचा. कष्टकऱ्यांच्या वस्त्या, बेकारी, शहरातले अंधारे कोपरे, असले त्याचे विषय. १९७० साली 'कोल्ड फॅक्ट' ही त्याची पहिली तबकडी निघाली, १९७१ साली दुसरी, 'कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी'. दोन्ही अमेरिकेत साफ पडल्या. कुणी विकतच घेईना. कंपनीने त्याचं नाव काढून टाकलं आणि तो पोटापाण्याच्या कामाला लागला. जुनी घरं पाडायची, पडक्या घरांची डागडुजी करायची, राडारोडा वाहायचा. पाडकामाला तो कधी कधी चक्क टक्सिडो, म्हणजे लग्नात घालतात तसला काळा झुळझुळीत कोट चढवून यायचा, असं त्याच्याबरोबर काम केलेल्या एकाने चित्रपटात सांगितलं आहे. मला तो प्रसंग फार आवडतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्याची तबकडी हजारो मैलांवर दक्षिण आफ्रिकेत पोचली आणि तिथे घराघरांत वाजू लागली!

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णद्वेषी राजवट होती. काळ्या माणसांना मताचा अधिकार नाही, राहण्याच्या जागा वेगळ्या, शाळा वेगळ्या. काय वाचायचं, काय ऐकायचं हेही सरकार ठरवणार. आपल्या मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली. आणि तिथे त्या श्रीमंत देशात टेलिव्हिजन सुरू व्हायला १९७६ उजाडलं. का? तर बाहेरचे विचार घरात शिरतील ही सरकारला भीती. अशा गुदमरलेल्या वातावरणात तिथल्या गोऱ्या तरुण पोरांच्या हाती ही तबकडी लागली. तिच्यात एक माणूस सरळ सरळ व्यवस्थेला नावं ठेवत होता. असं बोलता येतं, हेच त्यांना नवं होतं. सरकारी रेडिओने 'शुगर मॅन' या गाण्यावर बंदी घातली. नुसती कागदोपत्री नव्हे हां! रेडिओच्या संग्रहातल्या तबकडीवर ते गाणं खरवडून ठेवलं होतं, म्हणजे कुणी लावायचं म्हटलं तरी सुई घसरावी. ती खरवडलेली तबकडी चित्रपटात दाखवली आहे. बंदी घातली की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. गाणं आणखी पसरलं. तिथे त्याच्या पाचेक लाख प्रती खपल्या असाव्यात, असा अंदाज चित्रपटात दिला आहे.

पण गाणाऱ्याची बातमी? शून्य. वर्णद्वेषामुळे जगाने त्या देशावर बहिष्कार टाकलेला. बाहेरचे गायक तिकडे फिरकत नव्हते, परदेशी मासिकांत शोधावं तर त्याचं नावही नाही. अमेरिकेतच त्याला कुणी ओळखत नव्हतं ना!

आणि जिथे बातमी नसते तिथे काय येतं? अफवा. तो मेला म्हणे. कसा? कुणी म्हणे कार्यक्रम फसला म्हणून स्टेजवरच त्याने जीव दिला. कुणी म्हणे तुरुंगात गेला. सांगणारा अगदी खात्रीने सांगायचा, जणू हा पहिल्या रांगेत बसला होता. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट कोणती वाटते सांगू? हे सांगणारे त्याचे शत्रू नव्हते. त्याच्यावर जीव टाकणारे लोकच ते. कोरी जागा त्यांना सहन होत नव्हती, आणि 'तो कुठेतरी विटा उचलतोय' यापेक्षा 'तो स्टेजवर मेला' हे ऐकायला जास्त भारी वाटत होतं.

पंचवीस वर्षं हे असं चाललं. मग स्टीफन सेगरमन नावाच्या गृहस्थाने १९९६ साली दुसऱ्या तबकडीच्या आफ्रिकेतल्या सीडीसाठी मजकूर लिहिताना एक प्रश्न टाकला. या गायकाबद्दल आपल्याला ठोस असं काहीच माहीत नाही, कुणी संगीतातला डिटेक्टिव्ह आहे का तिथे? अशा अर्थाचा. क्रेग बार्थोलोम्यू नावाचा पत्रकारही याच शोधात उतरला. दोघांची गाठ पडली.

शोध कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. आधी त्यांनी पैशाचा माग काढला. एवढ्या तबकड्या खपल्या म्हणजे गायकाला पैसे कुठेतरी पोचत असतील. ज्या पत्त्यावर पैसे, त्या पत्त्यावर माणूस. पण ती वाट अमेरिकेपर्यंत जाऊन पुसट झाली. नावाचाही घोळ! तबकडीवर कुठे सिक्स्तो, कुठे जीझस. मग क्रेगने गाण्यांतली गावांची नावं धुंडाळली. लंडन, अ‍ॅमस्टरडॅम... ही तर कुणीही गाण्यात घालील. पण एका गाण्यात एक अगदी बारकं नाव सापडलं : डिअरबर्न. आता हे कुठे? नकाशाचं पुस्तक काढलं. डिअरबर्न निघालं डेट्रॉइटला अगदी खेटून! आपल्याकडे कुणी गाण्यात पुण्याचं नाव घातलं तर काही कळणार नाही, पण 'दापोडी' म्हटलं तर तो माणूस तिथलाच, नाही का? तिथून धागा लागला 'कोल्ड फॅक्ट'च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या माइक थिओडोरपर्यंत. १९९७ साली क्रेगने त्यांना फोनवर गाठलं आणि रॉड्रिगेझ कसा मेला, असं विचारलं. पलीकडून उत्तर आलं की तो मेलेला नाही, चांगला धडधाकट आहे.

त्याच सुमाराला सेगरमनने इंटरनेटवर 'याला कुणी पाहिलंय का' अशा थाटाची जाहिरात लावली होती. रॉड्रिगेझच्या थोरल्या मुलीने, एव्हाने, ती पाहिली आणि कळवलं की हे माझे वडील आहेत.

मार्च १९९८ मध्ये रॉड्रिगेझ दक्षिण आफ्रिकेत गेला. पडकी घरं झाडणारा पंचावन्न वर्षांचा माणूस विमानातून उतरतो, आणि समोर त्याच्यासाठी मोटारी उभ्या. केपटाउनला पहिला कार्यक्रम. हजारो लोक. तो स्टेजवर आला, आणि लोक कित्येक मिनिटं नुसते ओरडत राहिले. मेला म्हणून ज्याच्यासाठी हळहळले तोच समोर उभा! चित्रपटात या जागी मी दोन्ही वेळा रडले. नचिकेत रडला नाही असं तो म्हणतो. असो.

बस, त्या सुट्टीत आम्ही एक दोनशे पानी वही केली. वर लिहिलं 'रॉड्रिगेझ - ताज्या बातम्या'. पानावर चार रकाने आखले. तारीख. बातमी. कुणी सांगितली. आणि चौथा नचिकेतच्या डोक्यातून निघालेला : 'त्याला कसं कळलं?' आफ्रिकेतल्या अफवांना हा चौथा रकानाच नव्हता ना, म्हणून. प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं, पण त्या कुणाला कसं कळलं हे विचारायला गेलं की सगळे गप्प.

वही भराभर भरली. ऑस्करच्या समारंभाला रॉड्रिगेझ गेलाच नव्हता. चित्रपट दुसऱ्यांनी केला, कौतुक त्यांचं व्हावं, असं त्याचं म्हणणं. बक्षीस जाहीर झालं तेव्हा तो घरी झोपला होता! दिग्दर्शक मलिक बेन्जेलूल स्वीडनचा. पैसे संपले तेव्हा त्याने काही दृश्यं मोबाइलवर एक डॉलरचं अ‍ॅप घेऊन चित्रित केली. (मोबाइल फक्त गेम खेळायला असतो असं मानणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आणि आई-बाबांनी मला रागावू नये.) रॉड्रिगेझने १९८१ साली डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली होती, २०१३ साली त्याच विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. तो निवडणुकांनाही उभा राहिला होता, आणि एकदा तर मतपत्रिकेवर त्याचं नावच चुकीचं छापलं गेलं! दौऱ्यांतून आलेले पैसे त्याने बरेचसे घरच्यांना आणि मित्रांना वाटून टाकले आणि स्वतः राहिला त्याच जुन्या घरात. या सगळ्या बातम्यांना चारही रकाने व्यवस्थित भरलेले. आम्ही खूश.

आणि मग दिवाळीत मेलबर्नहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. मी तिला उत्साहाने सगळी कथा ऐकवली. ती म्हणाली, "अगं, हरवला कुठे होता? आमच्या ऑफिसात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आहेत, त्यांनी त्याला इथे गाताना बघितलंय. १९७९ साली!"

मी म्हटलं, शक्यच नाही. पण चौथा रकाना बोलत होता ना : 'स्वतः डोळ्यांनी पाहिलं.' मग आम्ही शोधायला लागलो, आणि निघालं ते खरंच. ऑस्ट्रेलियातही तो लोकप्रिय होता. १९७९ आणि १९८१ साली त्याने तिथे दौरे केले होते. आणि तिथल्या कार्यक्रमांची एक तबकडी १९८१ साली निघाली होती. तिचं नाव काय असावं? 'अलाइव्ह'! म्हणजे 'जिवंत'! एका देशात लोक त्याच्या मरणाच्या गोष्टी सांगत होते आणि दुसऱ्या देशात 'जिवंत' नावाची तबकडी दुकानात लावलेली होती.

चित्रपटात यातलं अवाक्षर नाही. चित्रपट पाहिलेल्याला वाटावं की १९७१ नंतर हा माणूस थेट १९९८ सालीच स्टेजवर चढला.

नचिकेत त्या दिवशी भयंकर चिडला. "म्हणजे आपल्याला फसवलं! आत्या, मला ती डीव्हीडी घरात नको." चौदा वर्षांच्या मुलाचा राग तुम्हाला मी वेगळा सांगायला नको. मी त्याला म्हटलं, अरे, आफ्रिकेतल्या लोकांना खरंच काही माहीत नव्हतं, आणि चित्रपट त्यांच्या बाजूने सांगितला आहे. तो म्हणाला, "मग एक वाक्य टाकायला काय झालं होतं? एकच वाक्य!" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या वाक्याने गोष्ट थोडी कमी चमकदार झाली असती, पण तुटली नसती असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं? घरात यावर भांडून बघा. आमच्याकडे आठवडाभर चाललं. शेवटी नचिकेतने वहीत लिहिलं : 'ऑस्ट्रेलिया १९७९, १९८१. चित्रपटाने सांगितलं नाही.' आणि डीव्हीडी कपाटात राहिली.

पुढच्या बातम्या लिहिताना मात्र दोघांचाही हात जड झाला. चित्रपटानंतर त्याचे कार्यक्रम जगभर होऊ लागले. २०१३ साली इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या मोठ्या महोत्सवातही तो गायला. पण वय सत्तरीच्या पुढचं. काचबिंदूमुळे नजर जवळजवळ गेलेली. मुली हाताला धरून त्याला स्टेजवर आणायच्या. काही समीक्षकांनी लिहिलं की आवाज लागला नाही, गाणी अडखळली, लोकांनी ऐकण्यापेक्षा प्रेमापोटीच टाळ्या वाजवल्या. नचिकेत म्हणाला, "हे नको लिहूया." मीही क्षणभर पेन थांबवलं, कारण ते वाचून माझ्याही पोटात कालवलं होतं. लाडक्या माणसाचं असं छापील वाचणं सोपं नसतं हो. पण चारही रकाने पक्के होते. लिहिणारा तिथे हजर होता, त्याने कानांनी ऐकलं होतं. मग तेही लिहिलं. २०१४ च्या मे महिन्यात बेन्जेलूल वारला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. ते लिहिलं. त्याच वर्षी रॉड्रिगेझच्या गाण्यांच्या हक्कांवरून कोर्टात दावा गेला. लाखो तबकड्यांचे पैसे नेमके कुणी घेतले, हा जुना प्रश्न पुन्हा वर आला. तेही लिहिलं, पण समजून घ्यायला मला दोनदा वकील शेजाऱ्यांकडे जावं लागलं.

मग बातम्या विरळ झाल्या. नचिकेत कॉलेजात गेला, पुढे बंगळूरला नोकरीला लागला. वही माझ्याकडेच राहिली.

९ ऑगस्ट २०२३. सकाळी मी निवडत बसले होते तर फोन वाजला. "आत्या, तो गेला म्हणतात." त्याचा आवाज नववीतल्यासारखाच झाला होता. माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "कोण म्हणतं?"

तो जरा थांबला. मग हसल्यासारखं करून म्हणाला, "बघतो."

एकदा खोटा मेलेला माणूस आहे हा! मनात कुठेतरी वाटत होतं की पुन्हा कुणीतरी उगाच उठवलं असेल. वीस मिनिटांनी फोन आला. त्याने एकेक बातमी मागे मागे नेत शेवटपर्यंत पोचवली होती. खरं होतं. ८ ऑगस्टला, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. मी वही काढली. तारीख लिहिली, बातमी लिहिली. चौथ्या रकान्यात लिहिलं : 'घरच्यांनी सांगितलं.'

आता तुमच्यातल्या काहींना त्याला ऐकावंसं वाटेल. 'कोल्ड फॅक्ट'पासून सुरुवात करा; जेमतेम अर्ध्या तासाची आहे. एक मात्र आधीच सांगून ठेवते. 'शुगर मॅन' म्हणजे साखरवाला नव्हे, नचिकेतला आधी तसंच वाटलं होतं. ते गाणं नशेचे पदार्थ विकणाऱ्या माणसाबद्दल आहे, म्हणून ते आई-बाबांना सोबत घेऊन ऐका, आणि शब्द कळले नाहीत तर विचारा. 'आय वंडर' आधी ऐकलंत तर त्यातली सुरुवातीची जाड तारेची गिटार नीट ऐका. केपटाउनला लोकांचा आरडाओरडा तिनेच सुरू झाला होता.